समुद्राचं टेबल

माझं अक्षर वाईट आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला शाळेत असतानाही कधी कळलं नाही, आणि शाळा चौथीतच सुटली. ही पानं कोणाच्या हातात पडली तर त्याने चुकांबद्दल माफ करावं, आणि एखादा शब्द लागला नाही तर तो सोडून पुढे जावं. खरं म्हणजे कोणाच्या हातात पडावीत म्हणून मी लिहीत नाही. माझ्या भाचीची बारावीची प्रॅक्टिकलची वही आमच्याकडेच राहिली आहे. तिच्यात एका बाजूला रेघा आणि दुसरी बाजू आकृत्यांसाठी कोरी. आकृत्या तिने फार थोड्या काढल्या. एवढी कोरी पानं रद्दीत घालायला जीव होत नाही, म्हणून दुपारी काम आटपून आले की थोडं थोडं लिहिते. रेघा नसल्यामुळे ओळी खाली घसरतात, त्याचीही माफी असावी.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ नवापूरच्या बाजूला आमच्या गावी असतो, त्याचं शिलाईचं छोटं दुकान आहे. गावाजवळ सायन्सची चांगली सोय नव्हती, म्हणून दहावी झाल्यावर तो तिला घेऊन बडोद्याला आमच्याकडे आला. "ताई, दोन वर्षं सांभाळ," म्हणाला. दोन वर्षं हे त्याने दोनदा म्हटलं. मी हसून मान हलवली.

आम्हाला मूल नाही. मांजलपूरला आमच्या दोन खोल्या. हे मकरपुऱ्याला एका कारखान्यात पाळीने जातात आणि मी जवळच्या सोसायटीत चार-पाच घरी पोळ्या करते. इथे रोटली म्हणतात; पातळ लाटायची, फुगली की वर तूप लावायचं. घरात दोघंच असल्यावर बोलणं कमी होतं. हे ताटाकडे बघून जेवायचे, मी ह्यांच्या ताटाकडे बघून जेवायचे. ती आली आणि हे जेवताना बोलायला लागले. कामावरून येताना पापडी, गाठिया असं काहीतरी कागदात बांधून आणायला लागले, आणि आणलं की सरळ तिच्या हातात द्यायचे. खिडकीच्या कठड्यावर तिच्या केसांच्या पिना, नळावर तिचा हेअरबँड, उशीखाली तिचं पुस्तक. महिनाभरात ती बाहेर फडाफडा गुजराती बोलायला लागली. मी वीस वर्षांहून जास्त इथे आहे, अजून भाजीवाल्याला बोटाने दाखवते.

पहिल्या उन्हाळ्यात सोसायटीची बस कावी-कंबोईला निघाली होती. बांनी आम्हा दोघींना बरोबर घेतलं. बा म्हणजे मी जिथे पोळ्या करते त्यातल्या एका घरच्या म्हाताऱ्या बाई, एकट्या राहायच्या. कावीला समुद्रात महादेवाचं देऊळ आहे. भरती आली की देऊळ पाण्यात बुडतं, ओहोटीला परत वर येतं. सगळ्यांनी दर्शन घेतलं, नास्ता केला, फोटो काढले. पाणी चढायला लागलं तसे सगळे बसकडे वळले, ही मात्र काठावर उभीच. पायऱ्या गेल्या, खांब गेले, मग नुसतं वरचं टोक राहिलं. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न वाजवत होता.

"आत्या, एवढं पाणी सकाळी होतं कुठे?"

"देवाची लीला," मी म्हटलं.

"ते बराबर गं. पण होतं कुठे?"

परत येताना सगळी वाट ती फोनमध्ये तेच वाचत होती. त्यानंतर तिने मनाशी ठरवलं की आपण समुद्र शिकायचा. समुद्र शिकवतात हे मला तेव्हाच कळलं. बडोद्यात कॉलेजं हवी तेवढी, पण समुद्र शिकायला समुद्राजवळ जावं लागतं. भावाने सांगून टाकलं होतं, एवढ्या लांबची पूर्ण फी त्याला झेपणार नाही. कुठे सवलत मिळाली तर बघू, नाही तर इथेच बी.एस्सी. करायचं आणि आणखी तीन वर्षं आमच्याकडे राहायचं.

आणखी तीन वर्षं आमच्याकडे. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना मी हे मनात म्हणून बघायची.

बारावीच्या थंडीत तिच्या क्लासमध्ये कळलं की बडोद्यात विद्यापीठांचा मेळा भरणार आहे. ह्यांनी विचारलं, "पाळणे असतील का गं?" ती हसून लोळली. मग तिने समजावलं की देशभरची विद्यापीठं एका मोठ्या हॉलमध्ये टेबलं मांडून बसतात, आपण जायचं आणि विचारायचं. क्लासच्या सरांनी त्यांना नीट सांगितलं होतं. दिसेल तो कागद घेत सुटायचं नाही. जायचं कुठे ते आधी घरी ठरवायचं. जे सगळ्यात मनात असेल त्या टेबलावर पहिल्यांदा जायचं नाही, आधी एक-दोन ठिकाणी बोलून जीभ मोकळी करायची. फी विचारायची ती नुसती वर्षाची नाही, राहणं-खाणं धरून सगळी. आणि तिथे शिकणारी मुलं टेबलामागे उभी असतात, त्यांच्याशी जास्त बोलायचं. हे सगळं तिने मला सांगून ठेवलं, म्हणजे ती विसरली तर मी आठवण करायची.

"मी येऊ?" मी विचारलं. मला वाटलं होतं हे जातील. पण ह्यांची पाळी होती.

"मग काय! सगळ्यांचे मम्मी-पप्पा येणारेत."

त्या आठवड्यात मी घरच्या पोळ्या करताना तिची तालीम चालायची.

"आत्या, तू टेबलामागची मॅडम हो."

मी लाटणं खाली ठेवलं, पदर सारखा केला. "बोला, काय पाहिजे?"

"असं नाही गं! हे मांडवीच्या बाजारातल्या दुकानासारखं झालं."

"मग कसं?"

"हसायचं. आणि म्हणायचं, तुला कशात रस आहे?"

"तुला कशात रस आहे?"

आतल्या खोलीतून हे म्हणाले, "आंब्यात आहे म्हणावं."

ती रागावली, मग हसली, मग परत पहिल्यापासून. तिचे प्रश्न चांगले होते. मी एकच प्रश्न सुचवला, की होस्टेलमध्ये मुली कपडे कुठे वाळत घालतात ते विचार. "आत्या, काहीही!" म्हणाली.

रविवारी आम्ही गेलो. अलकापुरीच्या बाजूला एका मोठ्या हॉटेलचा हॉल. दारात नावं नोंदवून कपड्यांवर चिकटवायला कागद देत होते. तिला एक दिला, मलाही एक दिला. माझ्यावर इंग्रजीत लिहिलेलं होतं.

"काय लिहिलंय?"

"पेरेंट," ती म्हणाली, आणि आपल्याच हाताने तो माझ्या खांद्याजवळ पदरावर चिकटवला. नीट दाबून बसवला.

आत इतकं गार होतं की मी पदर अंगाभोवती घेतला, पण कागद झाकला जाणार नाही असा. टेबलंच टेबलं. प्रत्येकापाशी गर्दी, जो तो हातात पिशवी कोंबतोय. सरांनी सांगितलेलं पहिल्या पाच मिनिटांतच विसरलं गेलं. तिच्या हातात पिशव्या, माझ्या हातात पिशव्या. शेवटी एका खांबाआड बसून आम्ही कागद निवडले, भाजी निवडतात तसे. जिथे समुद्र नाही ते सगळे तिथल्याच एका खुर्चीवर रचून ठेवले. मग ती दोन टेबलांवर बोलून आली. पहिल्या ठिकाणी आवाज फुटेना, दुसऱ्या ठिकाणी बरा निघाला.

"आता?" मी म्हटलं.

"आता," ती म्हणाली.

समुद्राच्या टेबलावर निळं कापड होतं. मागे जहाजाचा भला मोठा फोटो आणि टेबलावर बरण्यांमध्ये कसली कसली माती भरून ठेवलेली. विद्यापीठ दक्षिणेकडचं, किनाऱ्यावरचं. टेबलामागे एक मॅडम आणि तिथे शिकणारी एक मुलगी. ही त्या मुलीशीच बोलायला लागली. जेवणात भातच असतो का, भाषा येत नसेल तर कसं, पहिल्या वर्षापासून बोटीवर नेतात का. आणि मग माझ्याकडे एक नजर टाकून हळूच, कपडे कुठे वाळत घालता. ती मुलगी म्हणाली, "छत पर. पर क्लिप लगाना, नहीं तो समुंदर ले जाता है." दोघी खूप हसल्या. तिचं ते हसणं मी घरी कधी ऐकलं नव्हतं. बरोबरीच्या मुलीशी हसतात तसं होतं ते.

तेवढ्यात मॅडम वळल्या. तिचे मार्क विचारले, काय आवडतं विचारलं. मग हिंदीत म्हणाल्या, "बेटा, हमारे प्रोफेसर साहब आए हैं. दोपहर में कुछ बच्चों से मिलेंगे. तुम्हारा नाम लिख दूँ?"

आणि ही म्हणाली, "नहीं नहीं मॅडम, रहने दीजिए."

मला त्यात काही चुकलं असं वाटलंच नाही. आमच्या घरात असंच आहे. कोणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं. लगेच हात पुढे केला तर हावरट. दुसऱ्यांदा म्हणाले तरी नको. तिसऱ्यांदा मग खाली बघत घ्यायचं. भाऊ असाच, मी अशीच, भाचीला आम्ही दोघांनी तेच शिकवलं. आणि बडोद्यात ते खपूनही जातं, कारण इथले लोक तिसऱ्यांदाही थांबत नाहीत. बांच्या घरी मी कितीही ना म्हटलं तरी त्या वाटी हातात ठेवणारच. "ले ने, शरमाय छे शुं?" म्हणून मुठीत लाडू कोंबणारच. नको म्हणायचं ते समोरच्याने आग्रह करावा म्हणून.

मॅडमनी आग्रह केला नाही. "ओके, ऑल द बेस्ट," म्हणाल्या आणि मागच्या मुलाकडे वळल्या.

आम्ही तिथून निघालो ते अगदी हळू. ती दोन पावलं चालली की बरण्यांकडे मागे वळून बघायची. मीही बघत होते. कोणी हाक मारली नाही.

बाहेर जिन्याच्या पायऱ्यांवर बसून आम्ही घरून आणलेले धपाटे काढले. तिने एक तुकडा तोडला आणि हातातच ठेवला. शेजारी एक गृहस्थ फोनवर मोठमोठ्याने बोलत होते. त्यांचा मुलगा लाजून भिंतीकडे तोंड करून उभा होता. "अरे, अडधी फी माफ थई गई! साहेबने मळ्या ने, एटले!" साहेबांना भेटले म्हणून अर्धी फी माफ झाली होती. त्यांच्या हातातली पिशवी निळी होती.

ती माझ्याकडे बघायला लागली. डोळे भरलेले.

"मला वाटलं त्या परत विचारतील," ती म्हणाली.

मला आमची शाळा आठवली. आमच्या गावात चौथीपर्यंतच होती. चौथीची परीक्षा झाली तेव्हा आमच्या बाई घरी आल्या. त्या नवापूरला राहायच्या. वडिलांना म्हणाल्या, "हिला पाचवीला माझ्याकडे ठेवा. माझ्या मुलीबरोबर जाईल शाळेत." वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादांनी हात जोडले. "नको बाई, तुम्हाला कशाला त्रास." आईने चहा ठेवला. मी दाराआड उभी होते आणि हातात माझा चांगला फ्रॉक घडी करून धरला होता, कारण बाई आता परत म्हणतील आणि मग दादा हो म्हणतील हे मला माहीत होतं. आईलाही माहीत होतं, तिने मला डोळ्यांनी खुणावलं होतं. बाई चहा प्यायल्या. बशी खाली ठेवली. माझ्या डोक्यावर हात फिरवला आणि उन्हातून रस्त्याकडे चालायला लागल्या. त्या पुण्याकडच्या होत्या. त्यांच्याकडे नको म्हणजे नकोच असेल. पुढे कितीतरी दिवस दुपारची एसटी आली की दादा ओट्यावर येऊन उभे राहायचे. अगदी म्हातारे झाल्यावरही कधी विषय निघाला की म्हणायचे, "बाईंनी आणखी एकदा विचारायला पाहिजे होतं." मला अजून स्वप्नात पाचवीचा वर्ग दिसतो. आतून कसा असतो ते माहीत नाही, म्हणून स्वप्नातही तो बाहेरूनच दिसतो.

तर मी त्या पायऱ्यांवर बसले होते. काही न बोलता धपाटे बांधून उठलो असतो, तर आम्ही बस पकडून घरी गेलो असतो, आणि ती तीन वर्षं माझ्याजवळ राहिली असती. सकाळी घाईघाईत अर्धा चहा टाकून गेली असती. ह्यांनी कागदात काहीतरी आणलं असतं. तिच्या पिना कठड्यावर राहिल्या असत्या. मला ते सगळं डोळ्यांसमोर दिसत होतं, आणि शेजारी ती त्या धपाट्याच्या तुकड्याचे आणखी बारीक तुकडे करत होती.

"ऊठ," मी म्हटलं.

"कुठे?"

"चल तर."

टेबलापाशी आता दुप्पट गर्दी. मी कडेने पुढे सरकले. लोक माझ्या खांद्यावरून हात लांब करून कागद घेत होते. मॅडमचं लक्ष जाईना. मी टेबलावरच्या निळ्या कापडाचं टोक धरून ठेवलं, म्हणजे मागे ढकलली जाणार नाही. शेवटी त्यांनी बघितलं. "हाँ, आंटी?"

मला हिंदी नीट येत नाही. मी मागे हात करून भाचीला पुढे ओढलं आणि म्हटलं, "मॅडम, इस लडकी ने ना बोला था ना, वो हाँ था."

"जी?"

"हमारे में पहली बार ना बोलते हैं. उसका हाँ ही था."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. शिकणारी मुलगी तोंडावर हात धरून हसली. मग मॅडमही हसल्या, पण मान हलवली. "लिस्ट भर गई, आंटी. सॉरी."

मी तिथून हलले नाही. धीर होता म्हणून नाही. परत वळायचं आणि भाचीच्या तोंडाकडे बघायचं, ते मला जमलं नसतं. माझा हात कापडावरच होता. मॅडमनी दोन-तीन लोकांना उत्तरं दिली, परत माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, थांबायचं असेल तर थांबा, सगळे झाल्यावर सर दमलेले नसले तर विचारीन.

"थांबतो," मी मराठीतच म्हणाले. ते त्यांना कळलं.

आम्ही थांबलो. दुपार सरली, गर्दी ओसरली. खुर्च्या एकावर एक चढायला लागल्या, मागचे फोटो गुंडाळले गेले. जहाजाचा फोटो काढला तेव्हा मागे नुसती पिवळी भिंत निघाली. ती ओठ हलवत प्रश्न म्हणत होती. शेवटी आतल्या खोलीतून सर बाहेर आले. वयस्कर, काळेसावळे, शर्टाच्या बाह्या वर केलेल्या. मॅडमनी त्यांच्या कानाशी काहीतरी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हसले. मग खुर्च्या उरल्या नव्हत्या म्हणून कागदांच्या एका खोक्यावर बसले आणि तिला समोरच्या खोक्यावर बसायला सांगितलं.

बोलणं इंग्रजीत झालं. मला त्यातलं काही कळलं नाही, पण मी लांबून तिची पाठ बघत होते. आधी पाठ ताठ. मग सरांनी बहुतेक विचारलं असावं की समुद्र बघितलास का, कारण ती कावी-कंबोई म्हणाली, आणि मग तिचे हात सुटले. ती हातांनी देऊळ दाखवत होती, पाणी दाखवत होती, ते कुठपर्यंत आलं ते छातीवर हात लावून दाखवत होती. सर ऐकत होते. मग त्यांनी टेबलावरची एक मातीची बरणी मागवून घेतली, झाकण काढलं, आणि दोघंही त्यात वाकून बघायला लागले. बाहेर कोणी तरी दिवे बंद करायला सांगत होतं. मॅडमनी हाताने थांबवलं.

परत येताना बसमध्ये तिने मला सांगितलं. बारावीचे मार्क आज सांगितले तेवढे आले तर अर्धी फी माफ. फक्त जागा धरून ठेवायला थोडी रक्कम लवकर भरायची. "आणि आत्या, सरांनी विचारलं, तुमच्या आई नेहमी अशाच बोलतात का?"

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, छे. त्या बोलतच नाहीत."

ती आत्या आहे, आई नाही, असं तिने सांगितलं की नाही ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी भावाचा फोन आला. तो घाबरला होता. "ताई, गाडीलाच किती वेळ लागतो म्हणे. एवढ्या लांब? तू सांग ना तिला, बडोद्यात राहा म्हणावं. तुझं ऐकेल ती."

"ऐकेल," मी म्हटलं. "म्हणूनच नाही सांगत."

मग भाऊ म्हणाला, जागेच्या पैशांचं आत्ता जमणार नाही, लग्नसराईची शिलाई सुरू झाली की बघतो. ह्यांनीही हिशेब केला आणि पेन कानावर ठेवून नुसते बसले.

दुसऱ्या दिवशी बांनी ताटावरून मान वर केली. "आज रोटली जाडी केम?"

मी सांगितलं. पैशांचं सांगायचं नव्हतं, पण एक सांगताना दुसरं निघालं. बा उठल्या, भिंतीला धरत आत गेल्या आणि रुमालात बांधलेले पैसे आणून माझ्यापुढे धरले. माझ्या तोंडात नकार आलाच होता. तो मी गिळला आणि पहिल्याच वेळी हात पुढे केला. बा चमकल्या. "हाश," म्हणाल्या, "समजदार थई गई." मी म्हटलं, दर महिन्याला माझ्या पगारातून थोडे कापा. त्या म्हणाल्या, कापणार नाही, तू आणून दे, मला कुठे घाई आहे.

मार्क आले. पावसाळ्यात ती गेली. बडोद्याच्या स्टेशनवर गाडी फार थोडा वेळ थांबते. भाऊ तिला पोचवायला बरोबर होता, तो सामान मोजत होता, हे पाण्याची बाटली भरून आणायला गेले ते गाडी हलता हलता आले. कपड्यांच्या क्लिपांचं पाकीट मी तिच्या पर्समध्ये ठेवलं होतं. तिने खिडकीतून ते वर करून दाखवलं. हे घरी आल्यावर म्हणाले, आज दोन्ही खोल्यांत दिवा कशाला, आणि मग स्वतःच उठून आतला लावला.

वर्षभराने बांच्या मुलाने त्यांना बडोद्यातच वासण्याला आपल्याकडे नेलं. त्यांच्या पोळ्या सुटल्या. पण पैसे द्यायचे होते, म्हणून पगार झाला की मी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बस बदलून वासण्याला जायची. कोणाच्या घरी कारणाशिवाय जाणं मला जमत नाही. हे कारण चांगलं होतं. बा दर वेळी पैसे न मोजता उशीखाली ठेवायच्या आणि विचारायच्या, "दीकरी शुं कहे छे?" लेक काय म्हणते? मग मी सांगायची. ती चिखल शिकते. पाणी मागे गेल्यावर जो चिखल उरतो त्यात भोकं असतात, त्यात राहणारे किडे मोजतात. रविवारी फोनवर समुद्र दाखवते, पण वारा इतका की तिचं बोलणं ऐकू येत नाही, नुसते केस उडताना दिसतात. बा म्हणायच्या, सुकली का गं? मी म्हणायची, काळी झाली. तिच्याबद्दल इतकं विचारणारं मला दुसरं कोणी नव्हतं.

आणि खरं सांगायचं तर घरोघरी पोळ्या लाटताना मला वाटायचं की ह्यातल्या काही तिच्या आहेत. ह्या ढिगातल्या वरच्या दोन-तीन तिकडे त्या निळ्या कापडापर्यंत पोचतात. हात दुखायचे नाहीत.

गेल्या आठवड्यात मी शेवटचे पैसे घेऊन गेले. बा खाटेवरच होत्या, आता उठत नाहीत फारशा. मी पैसे त्यांच्या हातात दिले आणि म्हटलं, "बा, हे शेवटचे."

त्यांनी या वेळी मोजले. एकेक नोट गुडघ्यावर सरळ करून. मग विचारलं, "हवे ए क्यारे आववानी?"

मी सांगितलं, दिवाळीला येणार नाही. त्या सरांबरोबर पहिल्यांदा मोठ्या बोटीवर जायचं आहे, खोल पाण्यात. तिथे फोनही लागत नाही म्हणे.

बांनी मान हलवली. सुनेने पाणी आणून दिलं, ते मी प्यायले. बाहेर ऊन उतरत होतं आणि परतीच्या बसची वेळ झाली होती, तरी मी थोडा वेळ बसून राहिले. बांनी नोटा उशीखाली सरकवल्या, वरून हाताने थोपटल्या आणि म्हणाल्या, "ले, पूरा थई गया."

पैसे पूर्ण फिटले, आणि माझं इथे यायचं कारणही. मी पिशवी उचलली आणि चपला घातल्या.